दहापैकी नऊ

२ फेब्रुवारी २०२५, अंबरनाथ

निवड झाली. मेल माझ्या मुलाच्या, सम्यकच्या मोबाईलवर आला आणि त्यानं ऑफिसातून फोन करून तो मला वाचून दाखवला. श्रीलंकेत, समुद्राकाठच्या एका गावात, सहा आठवडे. काम डॉल्फिन आणि देवमासे मोजायचं, नोंदी ठेवायचं. राहणं-जेवण संस्थेकडे. माझं वय छप्पन्न आहे, ते त्यांना चालतं. इथे कुणालाच चालत नाही.

रखमाआक्का, म्हणजे माझी नणंद, बदलापूरहून मुद्दाम आली. आधी खूश झाली. "लंकेला चाललीस तर अनुराधापूरला जा, बोधिवृक्षाचं पान आण, विहारात लावू." मी म्हटलं, आक्का, मी डॉल्फिन मोजायला चाललेय. तर म्हणते, "ते मोजायला कुणी सांगितलंय?" आणि ह्यांनी त्यात तेल ओतलं. "बाई जन्मभर देव मानत नाही, आणि बघायला निघाली देवमासा." रेल्वे वर्कशॉपातून रिटायर झाल्यापासून ह्यांना विनोद सुचतात.

का जायचंय, हे एकानंही विचारलं नाही. कंपनी बंद पडून तीन वर्षं झाली. तीन वर्षं मी कुणाची भाजी निवडतेय, कुणाचं बाळंतपण बघतेय. चोवीस वर्षं काचेच्या टाकीत मासे मोजले. एकदा मोकळ्या पाण्यातले मोजायचेत. एवढं कारण पुरे नाही का?

फॉर्ममध्ये विचारलं होतं, नोंदींचा अनुभव काय. मी सम्यकला सांगितलं, लिही, चोवीस वर्षं केमिकल कंपनीची लॅब, एकही रिपोर्ट परत आला नाही. खोटं नाही ते. कंपनी नाल्यात जे पाणी सोडायची त्याची दर महिन्याला माशांवर टेस्ट असायची. टाकीत ते पाणी भरायचं, दहा छोटे मासे सोडायचे, चार दिवसांनी मोजायचे. नऊ जगले की पास. मोठ्या साहेबांनी पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं की टाकी नळाच्या पाण्यानं भरायची, जांभूळच्या शुद्धीकरण केंद्रातून येतं त्या. आधी एक दिवस उघडं ठेवायचं, म्हणजे क्लोरीन उडून जातो. आणि दहाच्या दहा जगले तरी नऊच लिहायचे. दहा लिहिले की तपासायला येणाऱ्याला संशय येतो. असल्या गोष्टी बीएस्सीच्या पुस्तकात नसतात. आजूबाजूच्या कंपन्यांना नोटिसा यायच्या, आम्हाला कधीच नाही. शिवाय माझं अक्षर चांगलं.

९ फेब्रुवारी

उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये खरेदी. धर्मेशच्या दुकानात ट्रॅकपँट मागितली तर म्हणाला, "सुनेसाठी का, मॅडम?" मी म्हटलं, माझ्यासाठी, बोटीत बसायचंय. त्यानं दोन काढल्या आणि वर सांगितलं, "देखो, पाणी लागल्यावर वापसी नाही होणार." तीस वर्षं ह्याच्या बापापासून आम्ही गिऱ्हाईक. वापसी मागायला मी लंकेतून येणार आहे काय?

१८ फेब्रुवारी, कल्पिटियाच्या पुढचं गाव

काल पोचले. कोलंबोहून बसनं पाच तास. वाटेत मिठागरं लागली, आपल्याकडे खाडीला असतात तशीच. जरा बरं वाटलं.

रोझलिन नावाच्या बाईच्या घरात मला खोली दिलीय. तिचा नवरा सिरिल, तोच माझा बोटवाला. दोघं ख्रिश्चन, मोडकं इंग्रजी बोलतात. माझंही त्याहून फार धड नाही, त्यामुळे जमतं. सकाळी मासे, दुपारी मासे, संध्याकाळी मासे. मी मासे खात नाही, मला वास सहन होत नाही, हे तिला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तिनं माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि नारळाची चटणी पुढे केली.

संस्थेची इथली प्रमुख दिलिनी. एकोणतीस वर्षांची. हुशार आहे, पण सतत मोबाईलवर. मला "आँटी" म्हणते. नोंदींचा कागद समजावून दिला: वेळ, वारा, कळपात किती डॉल्फिन, पिल्लं किती, शंभर मीटरच्या आत बोटी किती, आणि बोट आल्यावर कळपानं काय केलं. खाली मोजणाऱ्याची सही. कागद चांगला आहे. कुणीतरी विचार करून बनवलाय.

पुढच्या महिन्यात पौर्णिमेला सुट्टी असते, तेव्हा मला अनुराधापूरला घेऊन जाईन म्हणाली. आक्काला कळवलं.

२१ फेब्रुवारी

दिसले. ह्या जातीचे डॉल्फिन पाण्यातून उडी मारताना स्वतःभोवती गिरक्या घेतात. एकानं चार घेतल्या. मी मोजायचं विसरले. कागद भिजला, दुसरा घ्यावा लागला. ह्यांना फोन केला तर सांगता येईना. म्हणाले, "बरी आहेस ना? रडतेस का?" मी म्हटलं, वारा आहे.

पण सिरिलबद्दल लिहायलाच हवं. कामचुकार माणूस आहे. कळप दिसला की दोनशे मीटरवर इंजिन बंद करतो आणि विडी पेटवून बसतो. "जवळ घे," म्हटलं तर मान हलवतो. इंधन वाचवत असणार. आज डॉल्फिनच आपणहून बोटीखालून गेले, म्हणून मोजणी झाली. ह्याच्या भरवशावर राहिले असते तर कोरा कागद घेऊन परत.

२६ फेब्रुवारी

देवमासा पाहिला. आधी पाण्याचा फवारा, तोही तिरका, मग काळी पाठ, लांबच लांब. मग शेपूट वर आली आणि सगळं खाली गेलं, आवाज न करता. सिरिलनं डोक्यावरची टोपी काढली होती. ह्या माणसाला श्वास तरी किती वेळ रोखता येतो, असं मनात आलं, आणि मग लक्षात आलं की मी देवमाशाला माणूस म्हणाले.

२८ फेब्रुवारी

एक गोष्ट खटकतेय. आम्ही पावणेसहाला निघतो आणि सातच्या आत परत येतो. हॉटेलच्या बोटी सातनंतर पर्यटकांना घेऊन निघतात. मग आमच्या कागदावर "बोटी" ह्या रकान्यात रोज शून्य किंवा एक. मी दिलिनीला म्हटलं, नऊ वाजताही मोजू या की. तर म्हणे, "आँटी, पद्धत ठरलेली आहे. वेळ बदलली तर आधीच्या आकड्यांशी तुलना होत नाही."

तेही खरंच. पद्धत म्हणजे पद्धत. लॅबमध्येही बाकीच्या टेस्टचं सॅम्पल सकाळी सहालाच घ्यायचो, पाळी सुरू व्हायच्या आधी, नाला स्वच्छ असताना.

पण खटकतंय ते खटकतंय.

१ मार्च

ह्यांचा फोन, पोह्यांचा डबा कुठाय. काल फोन, प्रेशर कुकरची शिटी कुठाय. परवा फोन, मीठ कुठल्या बरणीत. पस्तीस वर्षं त्याच स्वयंपाकघरात जेवलेला माणूस. मी म्हटलं, शेजारी विचारा. तर म्हणाले, "नको, तूच सांग." रोज वीस मिनिटं ह्यात जातात.

३ मार्च

आजचं अक्षर वाईट आहे, बघून घ्या.

सकाळी परत निघताना सिरिलचं इंजिन बंद पडलं. प्लग काढला, पुसला, बसवला, पुन्हा काढला. मी म्हटलं, दुसरी बोट बोलाव. म्हणाला, मोबाईलला रेंज नाही. सात वाजले, आठ वाजले. आम्ही तरंगतोय, आणि पुढे कळप, साठ-पासष्ट तरी, पिल्लं चार.

मग त्या आल्या. मी मोजल्या, तीन वेळा मोजल्या. तेवीस बोटी. चारी बाजूंनी. कळप वळला की ह्या आडव्या. लोक उभे, हातात मोबाईल, कुणी पाण्यात उड्या टाकतंय, बोटवाले एकमेकांना ओरडून सांगतायत इकडे आलं, तिकडे गेलं. एकही उडी नाही, गिरकी नाही. नुसतं खाली जाणं आणि श्वासासाठी वर येणं, आणि वर आलं की अंगावर बोट. तेविसांपैकी सोळांवर आमच्या संस्थेला देणगी देणाऱ्या हॉटेलचं नाव होतं.

आठ चाळीसला एक पांढरी बोट कळपातून सरळ गेली. मागे पाण्यात लाल झालं. पिल्लू. पाठीवर एकासारखे एक तीन घाव, बोटीच्या पंख्याचे. आई त्याला खालून वर ढकलत होती. बोटीतल्या लोकांना वाटलं ती खेळतेय. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या. मी हे पुन्हा लिहिते, कारण उद्या मलाच खरं वाटणार नाही. टाळ्या वाजवल्या.

मी सगळं कागदावर उतरवलं, वेळेसकट. नऊनंतर सिरिलनं दोरी ओढली तर इंजिन पहिल्या झटक्यात चालू. असल्या इंजिनाचा काय भरवसा? त्यालाही चार शब्द सुनावले. तो प्लग पुसायच्या फडक्याची घडी घालत बसला.

५ मार्च

आई अजून त्या पिल्लाला घेऊन फिरतेय. मेलंय ते कधीच. ती नाकानं वर ढकलते, ते बुडतं, ती खाली जाते, पुन्हा वर आणते. दोन दिवस. बाकीचा कळप तिच्याजवळून हलत नाही, खातही नसावा.

दुपारी हॉटेलपाशी गेले. दारात फळा असतो, आज समुद्रात काय दिसेल ते लिहायचा. त्यावर रंगीत खडूनं: आई आणि बाळ, फक्त ह्या आठवड्यात.

आत जाऊन मॅनेजरला म्हटलं, ते बाळ मेलेलं आहे. तो म्हणाला, "मॅडम, पर्यटकांना लांबून कळत नाही." मी म्हटलं, म्हणजे तुम्हाला कळतं. त्यानं मला लिंबू सरबत देऊ केलं.

६ मार्च

दिलिनीनं बोलावलं. टेबलावर माझा तीन तारखेचा कागद आणि शेजारी एक कोरा.

"आँटी, हा परत लिहाल का? ही नोंद वेळेच्या बाहेरची आहे. पिल्लाच्या रकान्यात 'खात्री नाही' लिहा. बोटींची संख्या आपण आपल्या वेळेतलीच धरतो."

मी म्हटलं, माझी खात्री आहे. मी वीस मीटरवर होते.

"ह्या महिन्यात रिपोर्ट सरकारी ऑफिसात जायचाय. त्यावर बोटींचे परवाने ठरतात. हॉटेलनं हात काढून घेतला तर संस्था बंद. मग शून्य बोटी लिहायलाही कुणी नसेल."

मी म्हटलं, शून्य लिहिणारा असण्यापेक्षा नसलेला बरा. मला लाज नाही वाटत, तुला वाटायला हवी. शिकलेली पोर तू, डॉल्फिनवर डिग्री घेतलीस, आणि त्यांच्याच मढ्यावर जगतेस. बरंच बोलले. आवाज बाहेर गेला असणार.

ती ऐकत होती. मग अगदी हळू म्हणाली, "मला वाटलं होतं तुम्हाला समजेल. एकशेदहा अर्ज होते. डायरेक्टरनी तुमचाच उचलला. म्हणाले, केमिकल कंपनीत चोवीस वर्षं आणि एकही रिपोर्ट परत नाही, म्हणजे ह्या बाईंना रिपोर्ट काय असतो ते माहितीय."

७ मार्च

समुद्रावर गेले नाही. अंग मोडून आलंय असं सांगितलं.

८ मार्च

दोन दिवस चिडून बघितलं. दिलिनीवर, डायरेक्टरवर, सम्यकवर. त्यानं ते वाक्य इंग्रजीत जरा जास्तच झोकात लिहिलं असणार. काही उपयोग झाला नाही.

लिहून टाकते. वर्षाचे बारा, चोवीस वर्षांचे दोनशे अठ्ठ्याऐंशी रिपोर्ट. प्रत्येकावर नऊ जिवंत. ते मासे नळाच्या पाण्यात होते. जे पाणी नाल्यात जायचं त्यात एकही मासा मी कधी सोडलेला नाही.

हे खरं नाही. एकदा सोडले होते. पहिल्या महिन्यात, साहेबांनी शिकवायच्या आधी. पुस्तकात होतं तसं सगळं केलं. चार दिवस थांबावं लागलं नाही. चहा पिऊन आले तोवर दहाच्या दहा वर तरंगत होते. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. साहेबांकडे गेले तर ते हसले, रागावले नाहीत. "नवीन आहात," म्हणाले. मग पद्धत शिकवली.

नाल्याच्या काठच्या वस्तीत आमचेच लोक होते. माझी सख्खी मावशी होती. तिच्या अंगावर चट्टे होते आणि ती म्हणायची, पाण्याचं काहीतरी आहे गं, तू लॅबमध्ये आहेस ना, बघ की. मी म्हणायचे, मावशी, रिपोर्ट चांगला आहे.

माझ्या टाळ्या.

९ मार्च

रोझलिनला स्वयंपाकघरात मदत केली. तिला विचारलं, मी तीन तारखेचा कागद सरकारी ऑफिसात दिला तर सिरिलचं काय होईल? त्याची बोट संस्थेला लागलेली, परवाना त्याच ऑफिसचा.

तिनं सिरिलला हाक मारली. त्यानं ऐकून घेतलं, हातातली विडी विझवली. म्हणाला, "साक्षीदार लागतो का कागदाला?"

मी म्हटलं, असला तर बरं.

तो हात धुऊन आला आणि माझ्या सहीखाली त्यानं सही केली. पाठीवर घाव नक्की किती होते ते मला विचारलंही नाही. "तीन," म्हणाला. "मी अठरा वर्षांचा होतो तेव्हा माझ्या पंख्यानं एक गेलं होतं. तेव्हापासून मी लांबच थांबतो."

मी ह्याला कामचुकार म्हणत होते. वहीत लिहिलंय ते खोडणार नाही. राहू दे मला बघायला.

१० मार्च

जिल्ह्याच्या गावी बसनं गेले, एकटी. ऑफिसातला माणूस म्हणाला, संस्थेचा रिपोर्ट संस्थेकडून येतो. मी म्हटलं, हा माझा रिपोर्ट आहे, माझी सही आहे. म्हणाला, तुम्ही कोण? मी म्हटलं, मी मोजलंय. तासभर बाकावर बसले. शेवटी त्यानं शिक्का मारला आणि माझी प्रत परत दिली. बाहेर येऊन शिक्का नीट बघितला, तारीख वाचली. आजवरच्या आयुष्यात मी शिक्के फक्त मारलेत.

११ मार्च

संस्थेचं पत्र. नियमभंगामुळे काम आजपासून थांबवलं. उद्या सकाळचं विमान, म्हणून आजच कोलंबोची बस. परवा पौर्णिमा. एक दिवस थांबू द्या, अनुराधापूर बघते, म्हटलं, तर डायरेक्टरच्या सेक्रेटरीनं फोनवर सांगितलं की विमा आजच संपला.

इतक्या लांब येऊन बोधिवृक्षाच्या सावलीत दहा मिनिटं उभं राहू दिलं नाही, माणसं आहेत का कोण? दिलिनी सोडायला आली नाही. सिरिल आला. बसच्या खिडकीतून रोझलिननं डबा दिला. भात आणि नारळाची चटणी.

१६ मार्च, अंबरनाथ

रखमाआक्का आली. पान कुठाय, विचारलं. नाही आणलं म्हटलं. गेलीच नाही? गेलीच नाही. "लंकेला जाऊन बोधिवृक्ष न बघता परत आलेली तू पहिली असशील आपल्यात. मी विहारात सगळ्यांना सांगून बसलेय." चहा न पिता गेली. मला वाईट वाटायला हवं होतं, पण रागच आला. आक्कावर नाही. कुणावर ते सांगता येत नाही.

२३ मार्च

ह्यांना सांगितलं. सकाळी, चहा घेताना. टाकी, नळाचं पाणी, नऊ, मावशी, सगळं. हे बशीत चहा ओतत होते, ती तशीच राहिली.

"तू नोकरीला लागलीस," हे म्हणाले, "त्या महिन्यात तू घरात मासे आणणं बंद केलंस. त्याआधी बोंबलासाठी भांडायचीस माझ्याशी."

मी म्हटलं, वास सहन होईना म्हणून.

"हो. तू तसंच म्हणालीस."

"मग तुम्ही विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. मग नोकरी सोडावी लागली असती. सम्यक दोन वर्षांचा होता." चहा परत कपात ओतला. "मीही नाही विचारलं, माया. चोवीस वर्षं."

मला ह्यांचा इतका राग आला की उठून गॅलरीत गेले. मग हे मागून आले आणि उभे राहिले. पोह्यांचा डबा कुठाय ते ह्यांना नक्की माहीत असणार, असं वाटून गेलं.

२ एप्रिल

प्रदूषणवाल्यांच्या ऑफिसात पत्र दिलं. कंपनीचं नाव, वर्षं, पद्धत, साहेबांचं नाव, माझं नाव. हे सोबत होते. तिथला साहेब तरुण होता, पत्र दोनदा वाचलं.

"मॅडम, ही कंपनी बंद होऊन तीन वर्षं झाली. आता कारवाई कोणावर करायची?"

मी म्हटलं, माझ्यावर करा. मी आहे ना अजून.

तो ह्यांच्याकडे बघायला लागला, हे मला समजावतील म्हणून. हे म्हणाले, "पोच द्या, साहेब. आम्हाला घाई नाही."

पोच मिळाली. त्यावर 'माहितीसाठी' असं लिहून दिलंय. माहितीसाठी. दोनशे अठ्ठ्याऐंशी महिने, आणि शेरा माहितीसाठी. बाजूच्या कंपन्या आजही चालू आहेत, त्यांच्याही लॅबमध्ये टाक्या आहेत, त्यांत कुणाचं पाणी आहे ते कुणी बघितलंय? हे मी पत्रात लिहायला विसरले. दुसरं पत्र देणार आहे.

९ एप्रिल

लंकेच्या त्या ऑफिसातून व्हिडिओ कॉल. सम्यकनं लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या टेबलावर लावला, हे भिंतीशी उभे. पलीकडे एक अधिकारी बाई, हॉटेलचा मॅनेजर, आणि कोपऱ्यात दिलिनी. सिरिलची जबानी आधीच झाली होती.

बाईंनी विचारलं, कागद तुमचा? माझा. आकडे तुम्ही मोजलेले? तीन वेळा.

मग मॅनेजर बोलला. ह्या बाईंना समुद्राचं काही ज्ञान नाही, ह्या कारखान्यात होत्या, ह्यांच्या नोंदीवर विश्वास काय म्हणून ठेवायचा?

मी म्हटलं, ह्यांचं बरोबर आहे. माझ्या नोंदीवर विश्वास ठेवू नये अशीच मी होते. चोवीस वर्षं मी खोट्या नोंदी केल्या, महिन्याला एक. त्याचं पत्र मी इथल्या सरकारला दिलंय, पोच आहे, दाखवते. त्यामुळे खोटी नोंद कशी करतात ते मला ह्या कॉलवरच्या सगळ्यांपेक्षा जास्त माहीत आहे. सॅम्पल सकाळी लवकर घेतात. पाणी बदलतात. वाईट आकड्यापुढे 'खात्री नाही' लिहितात. तुमच्याकडे संस्थेचे मागचे रिपोर्ट आहेत, त्यावरच्या वेळा वाचा.

बाईंनी खरोखरच फाईल काढली आणि पानं उलटायला लागल्या. दिलिनी खाली बघत होती.

कॉल संपला. सम्यकला टाकीचं माहीत नव्हतं. त्यानं लॅपटॉप मिटला, वायर गुंडाळली आणि मला विचारलं, "मावशीआजी त्यानंच गेली का?"

मी म्हटलं, माहीत नाही. ते माहीत व्हायला खरा रिपोर्ट लागतो.

१७ एप्रिल

निकाल आला. त्या उपसागरात सकाळी दहापर्यंत पर्यटक बोटींना बंदी. कधीपर्यंत? सीझन संपेपर्यंत. सीझन कधी संपतो? एप्रिलअखेर. तेरा दिवस. एका पिल्लाचे तेरा दिवस. पांढऱ्या बोटीचा परवाना गेला. हॉटेलला काही नाही. आणि सिरिलचं काम संस्थेनं काढून घेतलं, तो आता मासेमारीला जातो. खरं बोलल्याचा दंड पहिल्यांदा कुणाला होतो ते बघून ठेवा.

रोझलिनशी बोलले. मी माफी मागितली. ती म्हणाली, मासेमारीला गेला की तो निदान घरी येऊन नीट जेवतो. त्या कामात दोन वर्षं रोज चिडून यायचा.

२३ एप्रिल

दुपारी दिलिनीचा मेसेज. दीड महिन्यानंतर पहिला. शब्द नाही, नुसता फोटो. नोंदींचा कागद, तिच्या अक्षरात. वेळ सकाळी नऊ पंधरा. कळप बावन्न, पिल्लं तीन. शंभर मीटरच्या आत बोटी सहा, बंदी असताना. सहाही बोटींचे नंबर.

बघितल्याबरोबर माझं डोकं फिरलं. वाऱ्याचा रकाना कोरा, आणि खाली सही नाही. तिला लिहिलं, अर्धवट कागद पहिल्या दिवशी बाद होतो, वारा भर, सही कर, आणि मला काय पाठवतेस, ऑफिसात दे.

चार वाजता दुसरा फोटो आला. वारा नैर्ऋत्येचा, मंद. खाली पूर्ण नाव आणि सही, त्यावर ऑफिसचा शिक्का, आजच्या तारखेचा.

मी विचारलं, डायरेक्टरना दाखवलास का?

"नाही," तिनं लिहिलं. "त्यांना ऑफिसातून कळेल."